गाणं रिलीज करायचंय? डिस्ट्रोकिड, सीडी बेबी की राउटनोट

स्वतःच्या खिशातून गाणी करणारे बहुतेक जण डिस्ट्रिब्यूटर (डिस्ट्रोकिडसारखी, गाणं स्पॉटिफायसारख्या ॲप्सवर पोचवणारी कंपनी) निवडताना "कमिशन किती कापतात" एवढंच बघतात. ते बघाच, पण त्याआधी हे विचारा की उद्या पैसे भरणं थांबवलं तर गाण्याचं काय होणार.

डिस्ट्रोकिडला वर्षाचे साधारण २५ डॉलर भरायचे, मग कितीही गाणी टाका, स्ट्रीमिंगच्या रॉयल्टीतलं ते काही कापत नाहीत. महिन्याला नवीन गाणं काढत असाल तर झकास. पण वर्गणी थांबली की गाणी खाली उतरू शकतात, कायम ठेवायची तर प्रत्येक रिलीजचे वेगळे पैसे, यूट्यूब कंटेंट आयडी (दुसऱ्यांच्या व्हिडिओत वाजलेलं तुमचं गाणं ओळखून त्याची कमाई तुम्हाला देणारी सोय) हवं तर त्याचे आणखी वेगळे आणि वर त्यातल्या कमाईचे २० टक्के, म्हणजे सुरुवातीला दिसतो तो आकडा पूर्ण नसतोच.

सीडी बेबीत रिलीजमागे एकदाच फी, ९ टक्के कापतात, विषय संपला. वर्षा-दोन वर्षांनी एखादा अल्बम येत असेल तर माझं मत यालाच. अभंग, पोवाडे लोक दहा वर्षांनीही शोधून ऐकतात, ते फक्त वर्गणी चुकली म्हणून गायब व्हावेत हे मला अजिबात पटत नाही.

राउटनोटचा फुकट प्लॅन आहे, १५ टक्के कापतात. समजा गाण्याने वर्षात २००० रुपये कमावले तर ३०० गेले, डिस्ट्रोकिडची वर्गणीच दोन हजारांच्या वर जाते, त्यामुळे इथे राउटनोट स्वस्त. फक्त ५० डॉलर जमल्याशिवाय ते पैसे देत नाहीत, म्हणजे या कमाईवर दोन-अडीच वर्षं थांबा. त्यात २०२४ पासून स्पॉटिफायवर १२ महिन्यांत १००० स्ट्रीम झाले नाहीत तर रेकॉर्डिंगची रॉयल्टी शून्य, तेव्हा अगदी नवीन असाल तर फुकटातच सुरुवात करा.

चाल-शब्द तुमचे असतील तर आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासदत्व वेगळं घ्या, डिस्ट्रिब्यूटरकडून येतात ते रेकॉर्डिंगचे पैसे, गीतकार-संगीतकाराचा हक्क वेगळा आणि २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने तो पक्का केलाय.

आणि पुढे डिस्ट्रिब्यूटर बदललात तर जुना आयएसआरसी कोड (प्रत्येक रेकॉर्डिंगचा स्वतंत्र ओळख क्रमांक) आणि तीच ऑडिओ फाईल नवीन ठिकाणी टाका, गाणं तिथून लाईव्ह झालं की मगच जुनं काढा, नाहीतर जमलेले स्ट्रीम जायची भीती असते.