‘फक्त 21,400 किलोमीटर’: जुनी स्पोर्ट्स कार घेण्यापूर्वी हे वाचा

मीटर मागे घेऊन गाड्या विकल्या जातात, हे पुण्यात कुणाला नव्याने सांगायला नको. मलाही ते माहीत होते. तरीही बाणेर भागातल्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने मला 2016 सालची ऑडी टीटी 24,75,000 रुपयांना विकली. मीटरवर 21,400 किलोमीटर होते आणि गाडी प्रत्यक्षात सत्तर हजारांच्या आसपास चाललेली होती. ‘एवढे शिकलेले असून फसलात कसे’ असा प्रश्न ज्यांना पडला असेल, त्यांनी पुढचे वाचूनच तो विचारावा.

ही गाडी 2015 मध्ये भारतात आली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत साठ लाखांच्या घरात होती. व्यापाऱ्याचा सगळा डाव या आकड्यावर उभा होता. घसारा पहिल्या मालकाने सोसला आहे, तुम्ही दोन-तीन वर्षे हौस भागवा आणि थोडेफार कमी घेऊन विकून टाका, असे तो म्हणत राहिला. हे म्हणणे खोटे नाही, म्हणून तर ते पटते. अशा गाडीची निम्मी किंमत पहिल्या पाच-सहा वर्षांतच उडते. त्यानंतर तिचा भाव सालावर कमी आणि किलोमीटरवर व सर्व्हिसच्या नोंदींवर जास्त ठरतो. ज्या दिवसापासून किलोमीटरला पैसे मिळू लागतात, त्या दिवसापासून मीटर मागे घेणे हा धंदा होतो. साध्या हॅचबॅकमध्ये ज्या लबाडीने पन्नास हजार सुटतात, तीच लबाडी इथे आठ-नऊ लाख मिळवून देते.

पुरावा म्हणून त्याने मला विम्याची पॉलिसी दाखवली, तिच्यात गाडीची किंमत 25,00,000 रुपये लिहिलेली होती. इथे नीट लक्ष द्या. विम्यात पाच वर्षांपर्यंतच्या गाडीला घसाऱ्याचा ठरलेला तक्ता असतो, चौथ्या ते पाचव्या वर्षात तो 50 टक्क्यांवर जातो, आणि त्या तक्त्यात किलोमीटरचा रकानाच नसतो. पाच वर्षांपुढच्या गाडीची किंमत तर कंपनी आणि मालक आपसांत ठरवतात. थोडा जास्त हप्ता भरला की पॉलिसीवर मोठा आकडा येतो, आणि तोच आकडा गिऱ्हाइकासमोर बाजारभाव म्हणून ठेवला जातो.

आता त्या संध्याकाळबद्दल, कारण तिच्या आठवणीने अजून संताप होतो. चालकाच्या सीटचा उजवीकडचा उंचवटा, जिथे उतरताना प्रत्येक वेळी मांडी घासते, तो बाकीच्या सीटपेक्षा जास्त काळाभोर आणि तुकतुकीत होता. मी सहज बोट फिरवले तेव्हा नखाखाली काळा रंग आला. ‘साहेब, कालच डिटेलिंग केले आहे,’ असे तो म्हणाला आणि माझ्यापुढे ओला रुमाल धरला. त्याच वेळी समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात, नेमक्या चॅसिस नंबरच्या (गाडीच्या कायमच्या ओळख क्रमांकाच्या) पट्टीवर, ‘सिंगल ओनर, शोरूम मेंटेन्ड’ असा छापील कागद चिकटवलेला होता. तो कागद काढा असे मी म्हणालोही; त्यावर, ठाण्याची एक पार्टी सकाळी येणार आहे, टोकन दिलेत तर गाडी थांबवतो, नंबर आरसीवर असतोच, असे उत्तर मिळाले. मी 51,000 रुपये टोकन दिले. टायर 2021 सालचे, म्हणजे नंतर बदललेले होते, हेही मी पाहिले होते (बाजूवरच्या चार अंकांत आधी आठवडा आणि मग साल असते), पण उभ्या गाडीचे टायरही पाच वर्षांत कडक होतात म्हणून बदलले, असे व्यापारी म्हणाला, आणि ते स्पष्टीकरण चुकीचे नव्हते.

मी डोळे मिटून पैसे दिलेले नाहीत. बरोबर मेकॅनिक होता, त्याने स्कॅनरही लावला. त्याचा साधा स्कॅनर इंजिनचे दोष आणि मीटरवरचाच आकडा दाखवत होता. अधिकृत वर्कशॉपने सर्व्हिसच्या नोंदी द्यायला नकार दिला, कारण त्या फक्त मालकालाच मिळतात. म्हणजे गाडी तपासायची तर आधी ती विकत घ्यायची! नावावर झाल्यावर त्याच खिडकीवर कागद मिळाला: शेवटची नोंद 2022 ची, 66,340 किलोमीटर. पूर्ण स्कॅन केल्यावर ब्रेकच्या संगणकात 61,872 किलोमीटरला नोंदलेला जुना दोष सापडला. मीटरचा आकडा बदलणाऱ्याने इतर संगणकांतल्या नोंदी पुसण्याची तसदी घेतलेली नव्हती. म्हणून विकणाऱ्याकडूनच त्याच्या नावाने वर्कशॉपमधून नोंदी मागवा, आणि इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक या सगळ्यांचा स्कॅन टोकनच्या आधी करा. तो नको म्हणाला, तर चहाही न पिता निघा.

गिअरबॉक्स तोपर्यंत धक्के देऊ लागला होता. दुरुस्तीचा अंदाज 4,18,600 रुपये आला. खरे किलोमीटर सांगून दुसरीकडे भाव विचारला, तर 15,50,000 च्या वर कुणी जाईना.

व्यापाऱ्याचे उत्तर तयार होते: आम्ही फक्त मध्यस्थ, विक्रेता म्हणजे गाडीचा मूळ मालक. कागदावर ते खरे ठरते, कारण 22,34,000 रुपये मी मालकाच्या खात्यात भरले होते आणि उरलेले 1,90,000 व्यापाऱ्याने कमिशन म्हणून रोख घेतले, पावतीविना. रोख देऊ नका. ‘आहे त्या स्थितीत’ हे शब्द असलेल्या करारावर, मीटरचे वाचन आणि ‘हे खरे असल्याची हमी’ हे वाक्य हाताने लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.

पोलीस चौकीत मला आधी बसवून ठेवले, मग ‘हा दिवाणी वाद आहे’ असे सांगितले. भारतीय न्याय संहितेतले फसवणुकीचे कलम 318 मी दाखवले, तेव्हा ‘मीटर त्यानेच फिरवले याचा पुरावा आणा’ असे फर्मान निघाले, जणू तो पुरावा गोळा करण्यासाठीच पोलीस नेमलेले नसतात. परिवहन कार्यालयातला अनुभव याहून अजब होता. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला नोंदणी प्राधिकरणाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि ताब्यातली प्रत्येक गाडी कुठे, किती किलोमीटर फिरली याची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवावी लागते. या व्यापाऱ्याकडे असे प्रमाणपत्र आहे का, एवढेच मला हवे होते. एका खिडकीवरच्या बाईंनी हा नियम ऐकला नव्हता, दुसऱ्या खिडकीवरच्या गृहस्थांनी ऐकला होता पण त्यांना तो सांगायचा नव्हता, आणि साहेब बैठकीला गेलेले होते. शेवटी माहितीच्या अधिकारात अर्ज करा असा सल्ला मिळाला. हस्तांतराची फी मात्र कुणीही कुठल्याही बैठकीला न जाता घेतली होती.

व्यवहार पन्नास लाखांच्या आतला असल्यामुळे तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात जाते आणि दावा करायला दोन वर्षांची मुदत असते. चौकीच्या उत्तराची वाट पाहत ती घालवू नका. मूळ मालकाने स्वतःची एखादी गाडी विकलेली असेल तर ग्राहक कायदा सहसा लागू पडत नाही, म्हणून व्यापाऱ्याची जाहिरात, त्याचे मेसेज आणि टोकनची यूपीआय पावती जपून ठेवा. आयोगाकडच्या माझ्या तक्रारीला तेवढ्याच तीन गोष्टी जोडल्या आहेत. समोरून वकिलाचे उत्तर आले आहे, त्यात गाडीचे किलोमीटर ‘अंदाजे’ सांगितले होते असे म्हटले आहे. 1,90,000 रुपयांचा उल्लेख त्यात कुठेही नाही.