पहिल्यांदाच स्की शिकणाऱ्या कुटुंबासाठी गुलमर्ग

घरात आजवर कुणीच स्कीवर पाय ठेवलेला नसेल आणि बजेट बेताचं असेल, तर माझं मत गुलमर्गला. आम्ही नाशिकहून गेलो होतो: मी, नवरा, सातवीतली मुलगी, चौथीतला मुलगा आणि सासरे.

उत्तराखंडमधल्या औलीचाही विचार केला होता. तिथे गढवाल मंडल विकास निगमाचे ७ आणि १४ दिवसांचे कोर्स असतात, एकटं जाणाऱ्या तरुणांसाठी उत्तमच. पण जोशीमठपर्यंतचा दिवसभराचा घाटरस्ता लहान मुलाला घेऊन नको वाटला. गुलमर्ग श्रीनगर विमानतळापासून पन्नासेक किलोमीटरवर आहे.

गुलमर्ग म्हटलं की सगळे गोंडोलाबद्दल, म्हणजे तिथल्या केबल कारबद्दल बोलतात. तिचा दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर, जवळपास ३,९५० मीटर उंचीवर नेतो. तिथले उतार मुरलेल्यांसाठी आहेत, हिमस्खलनाचा धोकाही तिकडेच. नवशिक्यांचे सौम्य उतार खाली, गोल्फ कोर्सच्या बाजूला आहेत. तिथे जायला गोंडोलाचं तिकीट लागतच नाही, आणि स्वस्तात शिकता येतं ते त्यामुळेच. सुरुवातीला तर आडवी पावलं टाकत स्वतःच वर चढायचं, तोल जरा सावरला की ओढून नेणारी छोटी लिफ्ट.

बुटांच्या बाबतीत मात्र काटकसर नको, आणि घाईही नको. भाड्याच्या दुकानात मुलीला दिलेल्या बुटाचं एक बक्कल लागतच नव्हतं, "चलेगा" म्हणाले. आम्ही सरळ दुसरं दुकान गाठलं. बूट घालून ताठ उभं राहिलं की बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत, आणि गुडघे वाकवून नडगी पुढे रेटली की बोटं किंचित मागे सरली पाहिजेत. टाच उचलली जात असेल तर बूट मोठा आहे. थंडी वाजेल म्हणून दोन मोजे चढवू नका, एकच पातळ, लांब मोजा घाला. जाड मोज्यांनी पाय आवळतो आणि उलट जास्त गारठतो. हेल्मेट मागून घ्या, स्वतःहून देतीलच असं नाही. जीन्स ओली होते, तेव्हा वॉटरप्रूफ पँट भाड्याने घ्या. हातमोजे घरूनच न्या, दोन-दोन जोड.

दोन शिकणाऱ्यांमागे एक शिकवणारा असेल तर पैसे सार्थकी लागतात. आमच्या काश्मिरी दादांनी मुलाला आधी नुसतं थांबायला शिकवलं: स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, म्हणजे उलटा व्ही. "घुटना मोड़ो, नीचे मत देखो," हे ते इतक्या मायेने सांगत की पडला तरी पोरगा रडला नाही, स्वतःच उठून पुन्हा वर चालू लागला. दिवसाचा दर, त्यात साहित्य धरलंय की नाही, हे उतारावर जाण्याआधीच ठरवा. बर्फावरच्या घसरगाडीत बसवून ओढणाऱ्या स्लेजवाल्यांशीही तसंच.

राहायला खालचं तंगमर्ग गाव स्वस्त पडतं, पण रोज वर जायला चाकांना साखळी लावलेली किंवा फोर बाय फोर गाडी करावी लागते. पाच जणांत तो हिशोब जुळत नाही. गुलमर्गमध्येच साधं गेस्टहाऊस घ्या; खोलीत हीटिंग किती तास चालतं आणि इलेक्ट्रिक ब्लँकेट आहे का, एवढं फोनवर विचारा.

जायचं तर फेब्रुवारीत. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग बरेच दिवस बर्फाविना कोरडं होतं, तेव्हा शाळेची सुट्टी बघून डिसेंबरचं बुकिंग करण्यापेक्षा फेब्रुवारीत मुलांची रजा टाकलेली बरी. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम तिथे चालत नाहीत, निदान एकाकडे तरी पोस्टपेड हवं.

सासऱ्यांना आम्ही गोंडोलाच्या पहिल्या टप्प्यापर्यंत, कोंगडोरीला नेलं, तेवढ्यावर ते खूश होते. स्की न करणाऱ्या ज्येष्ठांसाठी तो खर्च जरूर करा. तिकीट मात्र ऑनलाइन आधीच काढा, हंगामात खिडकीवर मिळेल या भरवशावर राहू नका.