नखांवर मार्बल: पाण्यावरचं की कोरडं?

आधी नक्षी ठरवा. एकात एक वर्तुळं, मोरपिसासारख्या रेघा किंवा पाकळ्या हव्या असतील, तर पाण्याची वाटीच घ्यावी लागेल. फरशीतल्या संगमरवरासारख्या पुसट करड्या शिरा हव्या असतील, तर पाण्याच्या भानगडीत पडू नका. त्या कोरड्या पद्धतीनेच छान उतरतात.

पाण्याच्या पद्धतीत वाटीतल्या पाण्यावर नेलपॉलिशचे थेंब सोडतात, पसरलेल्या रंगावर टाचणीने नक्षी काढतात आणि त्यात नख बुडवतात. इथे निम्मं यश पाण्यावरच ठरतं. ते फिल्टरचं आणि खोलीच्या तापमानाचं हवं. थंडगार पाण्यात थेंब पसरत नाही, गोळा होऊन तळाशी जातो. कोमट पाण्यावर रंगाची साय नक्षी काढायच्या आतच सुकते. पंखा बंद. बाटलीतलं जुनं, दाट झालेलं नेलपॉलिश बुडतं, आणि ‘झटपट सुकणारं’ इथे कुचकामी. जेल पॉलिश तर नकोच, ते खास यूव्ही दिव्याशिवाय सुकत नाही.

नखांवर पांढऱ्या नेलपॉलिशचा हात देऊन पूर्ण सुकवा. भोवतीच्या कातडीला फेव्हिकॉल लावून सुकू द्या, नंतर तो सोलून निघतो. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीनही चालतं, पण बेतानं. पाण्यात तेलकटपणा उतरला की रंग पसरत नाही. लहान वाटी काठापासून बोटभर रिकामी ठेवून भरा. ब्रश पाण्याच्या अगदी जवळ आणून एकाच जागी आलटून-पालटून दोन रंगांचे 5-6 थेंब सोडा. टाचणी बाहेरच्या कडेला लावू नका: ती कड आधीच सुकलेली असते, ओढली की अख्खी साय गोळा होते. आतल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्तुळापासून सुरुवात करा आणि प्रत्येक रेघेनंतर टाचणी पुसा.

नख पाण्याला समांतर धरून नक्षीवर दाबा. बोट 10-15 सेकंद आतच ठेवून वरची उरलेली साय इअरबडने गोळा करा, मगच बोट बाहेर. ही घाई केली तर दुसरा थर नखावर चिकटतो. नखावरचं पाणी टिपा, पुसू नका. नक्षीत फोड येतात ते बहुधा बोट तिरकं किंवा घाईत बुडवल्यामुळे.

कोरड्या पद्धतीला एवढा लवाजमा लागत नाही. सुकलेल्या पांढऱ्यावर पांढऱ्याचाच दुसरा पातळ हात द्या, तो ओला असतानाच करड्या रंगाचे दोन ठिपके ठेवा आणि टूथपिकने लगेच एक वाकडीतिकडी रेघ ओढा. शिरा पुसट हव्यात? बारीक ब्रश रिमूव्हरमध्ये बुडवून टिपा आणि शिरेच्या कडेवरून फिरवा. एकावेळी एकच नख. थर जाड झाला तर वरून सुकल्यासारखा दिसतो, आतून मऊ राहतो, आणि रात्री चादरीचे ठसे उमटतात.

पाण्यावर दर बुडीला बहुतेक रंग वायाच जातो, शिवाय दहा बोटांना दीड तास धरून चाला. कोरड्याला याच्या निम्मा वेळ पुरतो. मात्र उजव्या हाताची नखं रंगवताना पारडं फिरतं: कोरड्यात टूथपिक डाव्या हातात धरावी लागते, पाण्यावर नक्षी उजव्यानेच काढून मग त्याच हाताचं बोट बुडवता येतं. डावा हात कापत असेल तर वाटी घ्या.

टॉपकोट, म्हणजे वरून पारदर्शक पॉलिशचा हात, दोन्हीकडे हवाच, पाण्याच्या पद्धतीत नख खडखडीत कोरडं झाल्यावर. गोळा केलेली साय बेसिनमध्ये सोडू नका, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. रिमूव्हर पटकन पेट घेतो, म्हणून हा पसारा गॅसच्या ओट्यावर मांडू नका.