तारांचा काहोन: गोव्यातल्या फ्लेमेंको फ्यूजन बँडसाठी

नवा फ्लेमेंको (स्पेनचं गाणं-गिटार-नाचाचं संगीत) फ्यूजन बँड गिटारवर भरपूर खर्च करतो आणि काहोन, म्हणजे वर बसून हातांनी वाजवायचा लाकडी खोका, मात्र दुकानात जो जास्त छनछनेल तो उचलतो. तो बहुतेक वेळा स्नेअरचा, म्हणजे आत स्प्रिंगसारख्या पीळदार तारांची पट्टी असलेला निघतो. घ्यायचा तो आतून गिटारच्या तारा लावलेला.

हा खोका मूळचा पेरू देशातला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस स्पॅनिश गिटारवादक पाको दे लुसियाने तो फ्लेमेंकोत आणला आणि टाळ्यांच्या, पायांच्या ठेक्याशेजारी तो चपखल बसला. म्हणून त्याची थाप टाळीसारखी कोरडी हवी. स्नेअरची छनछन लांबते, गिटारच्या रास्गेआदोची (बोटं तारांवरून झरझर फिरवण्याची) खसखस आणि ती एकमेकींत मिसळतात. शिवाय बास गिटार वाजली की स्नेअर आपोआप थरथरतात. तारांच्या काहोनला हा त्रास फार कमी.

विकत घेण्याआधी त्यावर बसून वाजवून बघाच. मधोमध, वरून साधारण वीतभर खाली तळव्याची थाप मारली की खर्ज भरीव यायला हवा; वरच्या कडेला बोटांनी मारलं की टाळी. टाळी बोथट वाटली तर पुढच्या फळीचे वरच्या कोपऱ्यांतले दोन स्क्रू अर्धा फेरा सैल करा. तारा आधी पूर्ण सोडा, मग पाव-पाव फेऱ्याने ताणत न्या. फार ताणल्या तर झणकार मरतो, सैल राहिल्या तर नुसता खडखडाट.

घुमट (गोव्याचं मातीचं तालवाद्य) सोबत घेणार असाल तर (गोव्यात घ्यायलाच हवं!) जपून. घुमटाचा घुमारा आणि काहोनचा खर्ज एकाच जागेसाठी भांडतात, आणि छोट्या स्पीकरवर सगळा गिचका होतो. बुलेरियास हा फ्लेमेंकोचा ठेका १२ मात्रांचा, म्हणून एकतालाची सवय असलेला वादक १ वर सम धरतो. इथे मोजणी १२ पासून सुरू होते आणि जोर १२, ३, ६, ८, १० वर. १२, ६ आणि १० घुमटाला द्या, ३ आणि ८ काहोनच्या टाळीला. दोन्ही वाद्यं सुटी ऐकू येतात. रुंबा हा दुसरा ठेका चार मात्रांचा, तिथे एवढी वाटणी लागत नाही.

शॅकवरचा (किनाऱ्यावरच्या झोपडीवजा हॉटेलातला) साउंडवाला बहुधा एकच माइक देतो आणि तो मागच्या भोकात खुपसतो. मग नुसती धम्मधम्म, टाळी गायब. एकच चॅनल असेल तर माइक पुढून, वीतभर अंतरावर, वरच्या कोपऱ्याकडे रोखा. दुसरा मिळाला तर भोकाशी, पण थोडा तिरका. समोरासमोर ठेवला की प्रत्येक थापेला हवेचा फुस्स आवाज येतो.

खरी परीक्षा पावसाळ्यात. प्लायची फळी दमट होते, कडेचे सांधे सुटतात. खाऱ्या हवेने तारा तांबूस पडतात. चवथीआधी तारा बदला, स्क्रूंना शिवणयंत्राच्या तेलाचं बोट लावा, भोकातून सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या आत टाका. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, आत ओल कोंडते. कापडी कव्हर घालून भिंतीपासून दूर, पाटावर ठेवा. सारखे फिरवून स्क्रूचं भोक सैल झालं, तर फेव्हिकॉल लावलेली आगकाडी त्यात ठोका, रात्रभर वाळू द्या, मग स्क्रू पिळा.