नऊ महिने परसात बांधलेला ट्रेल कॅमेरा: काय टिपतो, काय निसटतं

ट्रेल कॅमेरा म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. त्याच्या खोक्यावर छापलेले 36 मेगापिक्सेल आधी विसरा. फोटो टिपणारा सेन्सर त्याहून बराच लहान आहे, उरलेले पिक्सेल सॉफ्टवेअर भरतं. 36 वर आणि 12 वर काढलेले मुंगसाचे फोटो शेजारी ठेवले तर मिशीचा केसही जास्त दिसत नाही, फाइल मात्र जडावते. 12 वरच ठेवावा.

जागा बडोद्यातली, दांडिया बाजारातल्या जुन्या घराचं परस: चुन्याची भिंत, विहीर, शेवगा. दिवसा मुंगूस, खारी, सातभाई, भारद्वाज. रात्री उदमांजर, चिचुंद्री आणि शेजारचा बोका. यातला बोका सर्वांत जास्त वेळा.

उदमांजर भिंतीवरून जवळजवळ ठरल्या वाटेनं जातं. कॅमेरा त्या वाटेकडे तोंड करून लावला तर बहुतेक वेळा प्राणी अगदी जवळ आल्यावर चालू होतो. उष्णता टिपणारा सेन्सर समोरचा भाग पट्ट्यांत वाटून बघतो. प्राणी एका पट्टीतून दुसरीत गेला की जागा होतो. म्हणून वाट नजरेसमोरून आडवी जाईल असा बांधायचा. मुंगसासाठी जमिनीपासून 40 ते 50 सें.मी., तोंड उत्तरेकडे, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन भिंगात शिरत नाही.

चुन्याच्या भिंतीनं पहिले दोन आठवडे खाल्ले. रात्री कॅमेऱ्याच्या एलईडींचा अवरक्त (डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा) प्रकाश भिंतीवरून परततो, कॅमेरा एक्स्पोजर उतरवतो आणि उदमांजराचा नुसता काळा ठिपका उरतो. उपाय साधा: कॅमेरा जरा तिरका करणे आणि एलईडीवर पांढऱ्या मेडिकल टेपचा एक थर. एलईडी 940 नॅनोमीटरचे आहेत, त्यामुळे लाल चमक दिसत नाही. 850 वाल्यांचा पल्ला जास्त, पण अंधारात निखाऱ्यासारखे दिसतात. परसाच्या चार-पाच मीटरला 940 पुरतात.

बॅटरीत फसगत होते. आठ पेन्सिल सेल लागतात. चार्ज होणारे सेल 1.2 व्होल्टचे, अल्कलाइन 1.5 चे. थोडे उतरले की कॅमेरा दिवसा छान चालतो आणि रात्री एलईडी लागताच बंद पडतो. कार्डावर रात्र कोरी दिसली की प्राणी आलाच नाही असं समजू नका, आधी सेल बघा. जुने-नवे मिसळू नयेत.

खरी परीक्षा मे महिन्यात. बडोद्यात दुपारी पारा 42 च्या आसपास गेला की भिंत, माती आणि खारीचं अंग यांत फरक उरत नाही, आणि सेन्सर फरकावरच जगतो. खार समोरून गेली तरी काही नाही. उलट तापलेलं पान हललं की क्लिपवर क्लिप. 12 ते 4 बंद ठेवणं उत्तम. घोरपडीचं अंग आसपासच्या तापमानाला आलेलं असलं तर तीही अशीच सुटते. तिच्यासाठी सकाळी 8 ते 11 टाइमलॅप्स, मिनिटाला एक फोटो.

विश्वामित्रीच्या काठावर मगरींसाठी हाच कॅमेरा लावायचा विचार असेल तर सोडून द्या. सेन्सरचा उपयोग कमीच, आणि फेब्रुवारी ते एप्रिल हा त्यांचा अंडी घालायचा काळ. मादी घरट्याजवळ कोणाला येऊ देत नाही. पुलावरून दुर्बीण पुष्कळ.

पक्ष्यांच्या पाण्याच्या कुंडीसाठी कॅमेरा जवळ आणला की चित्र धूसर, कारण फोकस पक्का बांधलेला आहे. +1.5 नंबरच्या चाळिशीची एक काच फक्त कॅमेऱ्याच्या भिंगावर चिकटवली की साधारण 60 ते 70 सें.मी.वरचा बुलबुल पिसापिसांसकट येतो. काच उष्णतेच्या सेन्सरवर येऊ देऊ नका, काचेतून त्याला उष्णता दिसत नाही. खिडकीच्या आत ठेवलेला कॅमेरा आंधळा होतो तो यामुळेच.

आठवड्याला एकदा कोळ्याचं जाळं पुसावं. एलईडीच्या उजेडात ते पांढरं फटक दिसतं. मुंग्या बॅटरीच्या खणात अंडी ठेवतात, कॅमेरा बांधायच्या पट्ट्याला व्हॅसलिन लावलं की येत नाहीत.

तक्रार एकच. झाकणाचं रबर सातव्या महिन्यात उन्हानं कडक झालं आणि जूनच्या पहिल्या सरीत आत दव धरलं. विकणाऱ्याच्या मते रबर वॉरंटीत येत नाही. हार्डवेअरच्या दुकानातून 2 मिमीची रबरदोरी आणून खाचेत बसवली, टोकं सिलिकॉननं जोडली, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकल्या. त्यानंतरच्या सरींत भिंग कोरडं राहिलं.