अँकी: वेब डेव्हलपरच्या उपयोगाचं, पण डिफॉल्ट सेटिंगवर नाही

निकाल आधीच सांगितलेला बरा. काम करता करता शिकणाऱ्या वेब डेव्हलपरने अँकी जरूर वापरावं. फक्त रोज नवीन ५ ते ८ कार्डांच्या वर जाऊ नये आणि दुसऱ्याने बनवलेले तयार डेक (कार्डांचे गठ्ठे) उतरवू नयेत. अँकी महिनाभरात सुटतं ते बहुधा या दोनांपैकी एका कारणाने.

अँकी म्हणजे फ्लॅशकार्डांचं सॉफ्टवेअर. २००६ पासून चालू आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्सवर फुकट आहे. कार्डावर प्रश्न येतो, उत्तर मनात म्हणायचं, कार्ड उलटायचं आणि किती आठवलं त्याप्रमाणे अगेन, हार्ड, गुड, ईझी यांतलं एक बटण दाबायचं. आठवलं तर तेच कार्ड पुढच्या वेळी जास्त दिवसांनी येतं, विसरलं तर लवकर. विसरण्याचा वेग एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच मोजून ठेवला होता, त्यामुळे कल्पना जुनीच. दिवसांचा हिशोब आपल्याला ठेवावा लागत नाही, ही खरी सोय.

कोकणात याचा मोठा गुण म्हणजे नेट लागत नाही. सगळी कार्डं फोनवर किंवा लॅपटॉपवरच एका एसक्यूलाइट (छोट्या डेटाबेसच्या) फाइलमध्ये असतात. व्हिडिओ कोर्स घेतलेल्या माणसाला पावसाळ्यात लाईट गेली आणि टॉवर झोपला की गप्प बसावं लागतं. जून २०२० मध्ये निसर्ग वादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तसा प्रसंग रोज येत नाही, पण दिवसातून चार वेळा रेंज जाणं हे रोजचंच आहे. दाभोळ-धोपावे फेरीबोटीची वाट बघताना किंवा कोकण रेल्वेची गाडी करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात असताना कार्डं तशीच चालू राहतात. सिंक, म्हणजे फोन आणि लॅपटॉपवरची कार्डं जुळवणं, नंतर, रेंज आली की.

आता कार्डावर काय घालायचं. सगळं यश यावर आहे आणि अँकी इथे काहीच मदत करत नाही. नियम सोपा ठेवावा: एकच गोष्ट दुसऱ्यांदा शोधावी लागली की तिचं कार्ड करायचं, त्याआधी नाही. कोड आधी लिहून चालवलेला असला पाहिजे. न समजलेली गोष्ट कार्डावर घातली तर ती पाठ होते, पण वापरता येत नाही. पूर्ण फंक्शन कार्डावर घालू नये. एका कार्डावर एकच उत्तर, आणि ते पाच-सहा सेकंदांत देता आलं पाहिजे.

व्याख्या विचारणारी कार्डं कमी कामाची. ‘पोझिशन स्टिकी म्हणजे काय?’ (पान सरकवलं तरी जागेवर चिकटून राहणं) याचं उत्तर सगळ्यांना येतं आणि तरीही काम अडतं. त्यापेक्षा लक्षणावरून कारण विचारावं: ‘स्टिकी हेडर चिकटत नाही, आधी काय तपासायचं?’ उत्तर: टॉप दिलं आहे का. दुसरं कार्ड: ‘टॉप दिलं आहे, तरी चिकटत नाही?’ उत्तर: वरच्या एखाद्या एलिमेंटला ओव्हरफ्लो हिडन किंवा ऑटो आहे का. काम करताना प्रश्न असाच समोर येतो, त्यामुळे कार्डही असंच असावं. एचटीटीपीच्या ४०१ आणि ४०३ या कोडमधला फरक, ३०१ ऐवजी ३०८ कधी (पोस्ट रिक्वेस्ट पोस्टच राहायला हवी असेल तेव्हा), जावास्क्रिप्टमधलं एक प्रॉमिस (निकाल नंतर देणारं काम) पडलं तरी बाकीच्यांचे निकाल हवे असतील तर ऑल की ऑल-सेटल्ड, असे प्रश्न कार्डाला नेमके बसतात.

हल्ली एक शंका हमखास येते: कोड लिहून देणारा सहायक एडिटरमध्येच बसलेला असताना पाठ कशाला करायचं? हापूस विकणाऱ्या साइटचं उदाहरण घ्या. डझनाचे दर ७५०, ९०० आणि १२०० आहेत, आणि ‘कमी दर आधी’ या बटणामागे नुसतं सॉर्ट लावलेलं आहे. जावास्क्रिप्टचं सॉर्ट, तुलना करणारं फंक्शन दिलं नाही तर, आकडे अक्षरांसारखे लावतं. यादी येते १२००, ७५०, ९००. त्यातून सगळे दर तीन आकडी असतील तर निकाल बरोबरच दिसतो आणि चूक महागड्या पेट्या यादीत आल्यावर बाहेर पडते. शिवाय सॉर्ट मूळ ॲरेच, म्हणजे यादीच, बदलून टाकतं. मूळ यादी जशीच्या तशी हवी असेल तर जावास्क्रिप्टच्या ईएस २०२३ आवृत्तीतलं टू-सॉर्टेड आहे. ही दोन कार्डं डोक्यात असतील तर सहायकाने दिलेल्या ओळीकडे बघताच खटकतं. लिहायला नाही, पण वाचताना चूक पकडायला पाठ असावं लागतं.

झपाट्याने बदलणाऱ्या गोष्टी मात्र कार्डांवर कुजतात. फ्रेमवर्कच्या एका आवृत्तीतल्या पद्धतींवर शंभर कार्डं केली की वर्ष-दीड वर्षात त्यातली कितीतरी खोटी ठरतात आणि ती खोटी कार्डं आपण इमानदारीने घोकत राहतो. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटचंच बघा: २०१९ मध्ये २.२३ आवृत्तीत चेकआउटच्या कामासाठी स्विच आणि रिस्टोअर या नव्या कमांड आल्या. चेकआउट आजही चालतं, पण कार्ड नव्याने लिहिलेलं बरं. अशा कार्डांना आवृत्तीचा टॅग लावावा, म्हणजे ती एका शोधात सापडतात आणि पुसता येतात. सीएसएस, एचटीटीपी, गिट, एसक्यूएल आणि मूळ जावास्क्रिप्ट टिकतात. सुरुवात तिथून करावी.

आता कोड असलेल्या कार्डांचे त्रास. सुरुवातीचं कार्ड सगळा मजकूर मधोमध लावतं आणि कोडच्या ओळीआधीची मोकळी जागा गिळतं, कारण फील्डमधला (कार्डाच्या रकान्यातला) मजकूर शेवटी एचटीएमएलच असतो. एडिटरमधल्या ‘कार्ड्स’ बटणावरून स्टायलिंगमध्ये जावं, टेक्स्ट-अलाइन सेंटरचं लेफ्ट करावं, कोडसाठी मोनोस्पेस फॉन्ट आणि व्हाइट-स्पेस प्री-रॅप द्यावं. पाच मिनिटांचं काम आहे आणि ते न केल्यास पायथन वाचताच येत नाही.

क्लोझ प्रकार, म्हणजे ओळीतला एखादा भाग झाकणारं कार्ड, कोडसाठी फार सोयीचा आहे. पण त्यात दोन खड्डे आहेत. अँकी स्वतःच्या खुणेसाठी :: वापरतं आणि झाकलेल्या भागात पुन्हा :: आलं की त्यापुढचं सगळं हिंट (उत्तराची खूण) समजतं. सीएसएसमधलं :: ने लिहिलं जाणारं बिफोर किंवा आफ्टर झाकायला गेलात की अर्धं उत्तर प्रश्नातच छापून येतं. दुसरा खड्डा }} चा: जावास्क्रिप्टमध्ये ऑब्जेक्टच्या आत ऑब्जेक्ट असला की दोन कंस लागोपाठ येतात आणि अँकीला वाटतं क्लोझ इथे संपला. उपाय दोन्हीकडे एकच. कंट्रोल-शिफ्ट-एक्स दाबून एचटीएमएल दृश्य उघडायचं आणि दोन चिन्हांच्या मध्ये रिकामी कॉमेंट घालायची: :<!-- -->: किंवा }<!-- -->}. कार्डावर ती दिसत नाही. कंसांच्या बाबतीत मध्ये एक स्पेस दिली तरी भागतं.

स्प्रेडशीटमधून एकगठ्ठा कार्डं आणायची असतील तर कॉमाऐवजी टॅबने तोडलेली फाइल घ्यावी. कोडमध्ये कॉमा जागोजागी असतात आणि रकाने फुटतात. प्रश्न मराठीत असतील तर फाइल यूटीएफ-८ मध्येच सेव्ह झाली आहे ना ते बघावं, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. इम्पोर्टच्या खिडकीत ‘अलाऊ एचटीएमएल इन फील्ड्स’ चालू राहिलं तर <सेक्शन> सारखे टॅग मजकूर म्हणून न दिसता गायब होतात आणि कार्डावर नुसता ‘कोणता टॅग?’ हा प्रश्न उरतो. प्रश्न मराठीत आणि कोड इंग्रजीत ही खिचडी मात्र खुशाल करावी. ज्या भाषेत अडचण सुचते त्याच भाषेत ती विचारलेली बरी.

सेटिंगमध्ये पहिला बदल नवीन कार्डांचा. डिफॉल्ट रोज २० आहे. नेहमी वापरणाऱ्यांचा ढोबळ हिशोब असा की काही आठवड्यांनी रोजची उजळणी नवीन कार्डांच्या सात ते दहा पट होते. २० नवीन म्हणजे दीडशे ते दोनशे कार्डं, दर कार्डाला दहा सेकंद धरले तरी रोज अर्धा तास. कॉलेजच्या पोराला जमेल, क्लायंटचे फोन घेणाऱ्याला नाही. ६ नवीन ठेवली की उजळणी पन्नासच्या आसपास राहते आणि आठ-नऊ मिनिटांत उरकते. पहिल्या आठवड्यात हे फारच थोडं वाटतं. तेव्हाच मोह आवरायचा.

दुसरा बदल एफएसआरएसचा, म्हणजे कार्ड किती दिवसांनी दाखवायचं ते ठरवणाऱ्या नव्या गणिताचा. जुनं गणित १९८७ सालच्या एसएम-२ या पद्धतीवर बेतलेलं आहे. २०२३ पासून डेक ऑप्शन्समध्ये एफएसआरएस आलं आहे, ते चालू करावं. त्यात ‘डिझायर्ड रिटेन्शन’, म्हणजे किती टक्के कार्डं आठवायला हवीत ते, ९० टक्के असतं. डॉक्युमेंटेशन हाताशी असणाऱ्या माणसाला ८५ पुष्कळ झालं, भार बराच कमी होतो. ९५ च्या वर नेलं तर तीच कार्डं सतत डोळ्यांपुढे नाचतात. महिन्यातून एकदा ‘ऑप्टिमाइझ’ दाबावं, बाकी आकड्यांना हात लावू नये. बटणांपैकी हार्डचा अर्थ ‘कष्टाने आठवलं’ असा आहे. विसरल्यावर लाजेखातर हार्ड दाबलं तर गणिताला वाटतं आठवलं होतं, आणि मधलं अंतर वाढतच जातं. विसरलं की अगेन. कुठलं दाबावं याचा विचार करण्यात वेळ जात असेल तर अगेन आणि गुड या दोनांवर भागवावं.

एखादं कार्ड आठ वेळा चुकलं की अँकी त्याला ‘लीच’ (वेळ शोषणारी जळू) असा टॅग लावतं. दोष बहुतेकदा कार्डाचा असतो. जस्टिफाय-कंटेंट आणि अलाइन-आयटम्स यांची दोन वेगळी कार्डं केली की ती एकमेकांत मिसळतातच. ती मोडून एकच प्रश्न करावा: ‘फ्लेक्स-डायरेक्शन कॉलम केल्यावर जस्टिफाय-कंटेंट कुठल्या दिशेने चालतं?’ उभ्या. मुख्य अक्ष कळला की दुसऱ्या कार्डाची गरजच उरत नाही.

सवय टिकवण्याबद्दल जगभरचे सल्ले आहेत. इथल्या कामाला इथलं वेळापत्रक लागतं. एप्रिल-मे मध्ये आंबा विकणाऱ्यांच्या आणि होमस्टेवाल्यांच्या साइटना उसंत नसते, तेव्हा नवीन कार्डं शून्यावर आणून नुसती उजळणी चालू ठेवावी. नवीन शिकायचं ते जूनपासून, पर्यटक ओसरल्यावर. गणपतीत चाकरमानी घरी आले की आठवडाभर अँकी उघडलं जाणार नाही, हे धरूनच चालायचं. दहा दिवस आधी नवीन कार्डं बंद केली तर साचलेला ढीग आवाक्यात राहतो. परत आल्यावर चारशे कार्डं दिसली तरी एका बैठकीत संपवायला जाऊ नये. रोजची मर्यादा ८० करावी, नवीन शून्य, आणि एफएसआरएस चालू असेल तर उजळणीचा क्रम ‘डिसेंडिंग रिट्रीव्हेबिलिटी’ (आठवण्याची शक्यता जास्त ते आधी) ठेवावा. जे अजून आठवतंय ते आधी येऊन टिकतं, जे विसरलंच आहे ते नंतर आलं तरी नुकसान तेवढंच. सलग दिवसांच्या आकड्याला कुणी फार जपू नये.

सिंकमध्ये एक ठिकाणी जपावं लागतं. कार्डाच्या प्रकारात फील्ड वाढवलं किंवा काढलं की अँकी दोन्हीकडचं जुळवू शकत नाही आणि विचारतं: अपलोड की डाउनलोड? चुकीचं निवडलं की एका बाजूचं काम जातं. म्हणून असा बदल करण्याआधी फोन आणि लॅपटॉप दोन्ही सिंक करून घ्यावेत. अँकीड्रॉइड, म्हणजे अँड्रॉइड फोनवरचं अँकी, प्ले स्टोअरवरून घेतलं असेल तर नव्या अँड्रॉइडवर ॲप काढताच आतली कार्डंही जातात, तेव्हा ‘काढून परत टाकू’ याआधीही सिंक. अँकी स्वतःहून बॅकअप घेतं, पण त्याच डिस्कवर. चिपळूणमध्ये जुलै २०२१ ला पाणी शिरलं तेव्हा अशा बॅकअपचा काय उपयोग झाला असता, हे सांगायला नको. सिंक केल्यावर अँकीवेब या अँकीच्या वेबसाइटवर राहणारी प्रत फुकट आहे, आणि महिन्याला एकदा एक्स्पोर्टमधून पूर्ण कलेक्शनची फाइल स्वतःला मेल करून ठेवावी. नुसत्या मजकुराची हजार कार्डंही अगदी हलकी असतात, टूजीवरही सिंक होतात. स्क्रीनशॉट चिकटवायला लागलात की ते संपलं.

उणिवा लपण्यासारख्या नाहीत. दिसायला जुनाट, सेटिंगचं पान पहिल्यांदा उघडणाऱ्याला घाबरवणारं. ज्याने अजून एकही पान स्वतः बांधलेलं नाही त्याने अँकीच्या नादी लागू नये, आधी साइट बांधावी. मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात सुरू करणाऱ्यालाही फारसा फायदा नाही.

अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड फुकट आहे, आयफोनवरचं अँकीमोबाइल मात्र २५ डॉलरच्या घरात. तेवढे द्यायचे नसतील तर ब्राउझरमध्ये अँकीवेब चालतं, पण त्याला नेट लागतं, म्हणजे फेरीबोटीवर काही खरं नाही. स्टोअरमध्ये सारख्या नावाची, महिन्याला पैसे मागणारी ॲप्स पुष्कळ आहेत. अँड्रॉइडवर बनवणाऱ्याच्या जागी ‘अँकीड्रॉइड ओपन सोर्स टीम’ लिहिलेलं बघून मगच इन्स्टॉल दाबावं.