४९ रुपयांचा कन्व्हर्टर मला १५,०४६ ला पडला

लाज वाटते, पण लिहितोय. राजारामपुरीत अठरा वर्षं लग्नाचे फोटो काढतोय, आणि घरच्या ग्रुपवर 'अनोळखी लिंक दाबू नका' हे ज्ञान मीच वाटत असतो.

कागलच्या एका लग्नाला जोडीला एक पोरगा घेतला होता. त्याचा कॅमेरा कॅननचा, नवा, फाइली सीआर३, म्हणजे कॅननच्या रॉ, संस्कार न केलेल्या फाइली. हा प्रकार २०१८ पासूनचा आणि माझं फोटोचं सॉफ्टवेअर, लाइटरूम ६, त्याच्या आधीचं, त्यामुळं उघडेना. अल्बमवाल्याला सकाळी दहापर्यंत जेपीजी पाहिजे, नवरीच्या वडिलांचे दिवसभरात सात फोन. रात्री दीडला गुगलवर सीआर३ ची जेपीजी करून देणारा कन्व्हर्टर शोधला आणि पहिलंच नाव दाबलं. त्यावर 'प्रायोजित' लिहिलेलं होतं. वरच्या जागा पैसे भरून मिळतात हे मला माहीत नव्हतं असंही नाही.

दोन फाइली फुकट, पुढं सात दिवसांचे ४९ रुपये. क्यूआर आला, स्कॅन केला. ती स्क्रीन अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. वर ठळक ४९. खाली करड्या बारीक अक्षरांत 'ऑटोपे', म्हणजे पैसे आपोआप कापत राहायची परवानगी, त्याखाली कमाल रक्कम १४,९९९. भाचा शेजारी मेमरी कार्डं लावत बसला होता. म्हणाला, "मामा, खाली कायतरी बारीक लिवलंय बघा की." मी म्हटलं, "गप रे, अटी असतात त्या." आणि पिन मारला. नवरीच्या कानामागची सुटलेली बट मला दहा फुटांवरून दिसते, आणि हातातल्या मोबाइलवरचा पाच आकडी आकडा दिसला नाही!

आठव्या दिवशी ४,९९९ गेले. पुढच्या आठवड्यात ४,९९९. त्याच्या पुढच्या आठवड्यात परत तेवढेच. पंधरा हजारांपर्यंतच्या ऑटोपेला दर वेळी पिन लागत नाही, म्हणून मर्यादा १४,९९९. नियम चोरांनी वाचलाय, आपण नाही. पैसे कापायच्या आदल्या दिवशी मेसेज येतो, आलाही होता. लग्नसराईत मेसेज कोण वाचत बसतं, सांगा.

बरं, फोटो तरी? २१४ फाइली आल्या, सगळ्या १६२० बाय १०८०. रॉ फाइलीच्या पोटात कॅमेऱ्यानंच ठेवलेली छोटी जेपीजी असते, तीच उपसून हातात दिली होती. १२ बाय १८ च्या पानावर इंचाला जेमतेम ९० पिक्सेल. अल्बमवाला म्हणाला, "दादा, मोबाइलवर काढलंय काय?" रॉ फाइल डीएनजी या प्रकारात बदलून देणारा अडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर फुकट आहे, त्यातून निघालेली डीएनजी माझं जुनं लाइटरूम निमूट उघडतं. हे कळलं दुसऱ्या दिवशी.

बँकेत गेलो. "पिन तुम्हीच टाकलाय ना सर? मग फ्रॉड कसला?" तक्रार घ्यायला आधी पोलिसांचा कागद आणा म्हणे. ठाण्यात गेलो तर आधी बँकेचं लेखी आणा. तिथून सायबरवाल्यांकडं, तिथून परत ठाण्यात. तीन दिवस धंदा बंद ठेवून हेलपाटे. शेवटी एकानं अर्ज लिहून घेतला, त्यात ओळ अशी: 'कच्चे फोटो पक्के करून देतो असे सांगून'. मी रॉ म्हणजे काय ते समजावत होतो, साहेब चहा फुंकत होते. पंधरा हजारांसाठी एवढं काय, असंही ऐकवलं. तुमच्या खिशातले गेले असते म्हणजे?

तुम्ही हेलपाटे घालत बसू नका, पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. मी चोविसाव्या दिवशी लावला. वेबसाइटवरचं खातं पुसून काही होत नाही. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेत जाऊन परवानगी रद्द करावी लागते. आत्ताच उघडून बघा, कुणाकुणाला देऊन ठेवलीय. मला तिथं आणखी दोन सापडल्या.

पैशांचं सोडा. त्या २१४ मध्ये नवरी तयार होतानाचे खोलीतले फोटो होते. ते आता कुठल्या देशातल्या सर्व्हरवर पडलेत देव जाणे. तिच्या वडिलांना मी अजून सांगितलेलं नाही.